चव्वेचाळीस मिनिटं

मिलिंद गेल्याचा मेसेज शर्वरीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाठवला तेव्हा मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये डिकीत पिशव्या ठेवत होतो. ‘मिलिंद गेला. लॉन कापताना कोसळला. फोन कर.’ शनिवारची दुपार, फेब्रुवारीचं, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातलं, टळटळीत ऊन, आणि मी काय करावं? मी तिला फोन केलाच नाही. मला वाटलं, हिचा नंबर कुणीतरी हॅक केलाय, आजकाल सर्रास होतं. मग वाटलं, हा मिलिंदचाच चावटपणा, बेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस लॉन कापताना कसा काय मरेल! म्हणून मी शर्वरीला टाळून थेट त्याच्याच नंबरवर फोन लावला. उचलला इरानं, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीनं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. “डॅड डाइड, अभयकाका,” ती म्हणाली, आणि मागून शर्वरीचं रडणं ऐकू आलं. बापाच्या मरणाची खात्री मी त्या पोरीकडून करून घेतली. दोन महिने झाले, त्याची लाज अजून गेलेली नाही.

माझा स्वभावच संशयी आहे, आणि हे मिलिंदला सगळ्यात आधी कळलं. हॅमिल्टनला आम्ही चार विद्यार्थी एका फ्लॅटमध्ये राहायचो. फ्रिजमधल्या माझ्या दुधाच्या बाटलीवर मी पेनानं रेघ मारून ठेवायचो, कुणी प्यायलं तर कळावं म्हणून. बाकीचे चोरून प्यायचे. मिलिंद उघड प्यायचा, खाली नवी रेघ मारायचा आणि शेजारी सही करायचा. “इन्स्पेक्टरसाहेब, पंचनामा करून ठेवलाय, बघून घ्या!” तेव्हापासून मी इन्स्पेक्टरच. तो सांगलीचा, सिव्हिल इंजिनिअर. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून मला ऑकलंडमध्ये नोकरी लागली आणि मी यथावकाश तिथल्याच फ्लॅट बुश या उपनगरात घर घेऊन बसलो. त्याला दीड वर्ष काही मिळेना. शेवटी त्यानं जड वाहनाचं लायसन्स काढलं, टाउपोला गेला आणि हिवाळ्यात रस्त्यावर ग्रिट टाकणारा ट्रक चालवू लागला. ग्रिट म्हणजे बारीक खडी. उत्तर बेटाच्या मधोमध, ज्वालामुखींच्या पायथ्यानं जो डेझर्ट रोड जातो तिथे थंडीत बर्फाचा पातळ थर धरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर खडी पडली तर टायर धरतात, नाहीतर गाडी सरळ खाली. सांगलीला आईला मात्र त्यानं सांगितलं होतं, “हायवेच्या कामावर इंजिनिअर आहे.” मला ते खटकायचं. जो सख्ख्या आईला फसवतो तो आपल्याला काय सोडणार, असं माझं तेव्हाचं गणित.

त्याच्या कामातल्या फजित्या तोच रंगवून सांगायचा. पहिल्याच हिवाळ्यात ट्रकच्या मागची, खडी उडवणारी फिरती तबकडी बंद करायला विसरला आणि तसाच गावातल्या डेअरीसमोर, म्हणजे तिथल्या वाण्याच्या दुकानासमोर, पाय घ्यायला थांबला. पाय म्हणजे आपला पाया नव्हे, मटणाचं सारण भरलेली इकडची भाजलेली कचोरी, अंगावर सांडणारी. आत जाईपर्यंत तबकडीनं दुकानाच्या काचेवर, बाहेरच्या बाकावर आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या कॉफीत खडीचा मारा केला. म्हाताऱ्यानं कपात बघितलं आणि म्हणाला, “नो शुगर, थँक्स.” मिलिंदनं अर्धा तास झाडू मारला. पुढे ते दोघं दोस्त झाले. एकदा मात्र ट्रक वळणावर आपोआप आडवा होऊ लागला, सहा टन खडी पाठीवर घेऊन, हळूहळू, अगदी सावकाश. “ब्रेक दाबायचा नसतो रे तेव्हा, हेच कठीण. पाय आपोआप जातो,” तो म्हणाला होता, आणि त्या वेळी हसला नव्हता.

संशयी तोही होता, पण रस्त्याच्या बाबतीत. ट्रकमध्ये रस्त्याचं तापमान दाखवणारं यंत्र होतं, ऑफिसातून हवामानाचा अंदाज यायचा, तरी हा गडी सावलीतल्या प्रत्येक वळणावर खाली उतरायचा, हातमोजा काढायचा आणि तळवा डांबरावर टेकवायचा. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो तेव्हा हे बघितलं. म्हटलं, “अरे, यंत्र एक डिग्री दाखवतंय ना?” तर म्हणाला, “यंत्र उन्हातून आलंय. त्याला अजून सावलीची खबर नाही.” तीन हिवाळ्यांपूर्वी मिलिंदवर बालंट आलं तेही असल्याच सावलीतल्या वळणावर.

झालं असं. जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन थंडीतल्या, एका संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या वळणावर एक गाडी घसरून कठड्याला धडकली. चालवणाऱ्या बाईंचा हात दोन ठिकाणी मोडला. त्या म्हणाल्या, रस्त्यावर खडी नव्हतीच. कंपनीनं मिलिंदच्या ट्रकची नोंद काढली. हे ट्रक कुठे होते, तबकडी कधी फिरली, सगळं आपोआप नोंदलं जातं. नोंदीत दिसलं की दुपारी तीनच्या पुढे ट्रक वळणाशी चव्वेचाळीस मिनिटं नुसता उभा होता आणि तबकडी बंद होती. मिलिंदचं म्हणणं, खडी ओली होती, गोठून तिचा दगड झाला आणि तबकडी चोक झाली. रेडिओला तिथे रेंज नाही. म्हणून त्यानं पिवळा दिवा लावला आणि अख्ख्या वळणावर फावड्यानं खडी टाकली. साक्षीदार कुणी नाही. कंपनीला वाटलं, बाबा झोपला होता.

त्याच रविवारी तो नोंदीचा कागद घेऊन फ्लॅट बुशला आला. साडेतीन तास गाडी चालवत. म्हणाला, “तुला यातलं कळतं. बघ बरं, फावडं कुठे दिसतंय का यात.” मी कागद टेबलावर पसरला. खरं सांगतो, मला त्या आकड्यांची मजा वाटायला लागली होती... मी रेघा मारल्या, वेळा जुळवल्या. तो आदल्या आठवड्यात सलग सहा दिवस कामावर होता हे मला माहीत होतं. आईला मारलेली थापही आठवली. अर्ध्या तासानं मी मान वर केली आणि म्हटलं, “चव्वेचाळीस मिनिटं, मिल्या. माझ्यापाशी कसलं लपवतोस? डोळा लागला होता ना?”  त्यानं कागदाची घडी घातली, माझ्या बायकोला म्हणाला, “वहिनी, चहा झकास,” आणि निघाला. मी दारापर्यंतही गेलो नाही, कारण मला वाटलं, पकडला गेला म्हणून पळतोय.

नोकरी गेली नाही त्याची. मला त्यातही काळंबेरं दिसलं. ड्रायव्हर मिळत नाहीत, म्हणून कंपनीनं प्रकरण दाबलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो गणपतीला यायचा, दिवाळीला यायचा, इन्स्पेक्टरसाहेब म्हणायचा. पण कामाच्या गोष्टी मात्र माझ्यासमोर बंद झाल्या. मी मुद्दाम खडे टाकायचो, “काय, हल्ली झोप वगैरे होते ना नीट?” तो म्हणायचा, “हीप्स! भरपूर! घोरतो म्हणे मी,” आणि हसायचा. त्या हसण्यात मला चोर दिसायचा. तीन वर्षं मी वाट बघत होतो, की एक दिवस हा कबूल करेल आणि मी मोठ्या मनानं म्हणेन, जाऊ दे रे, होतं माणसाकडून. माफ करायची किती हौस होती मला!

तो गेल्यावर तेराव्या दिवशी हॅमिल्टनच्या एका हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं ठरलं. पडद्यावर त्याचे फोटो दाखवायचे, आणि कॉम्प्युटरचं काम म्हणजे मीच. टाउपोला त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी त्याचा फोन माझ्या लॅपटॉपला जोडला. इराचे वाढदिवस, शर्वरी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन तळ्याच्या काठी, बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर... आणि मधेच एक नुसता रस्ता. कठडा, अर्धी सावली, आणि डांबरावर खडी. मशीननं टाकलेली खडी सगळीकडे सारखी पडते. ही थालीपिठावर हातानं तीळ भुरभुरावेत तशी पडली होती, कुठे दाट, कुठे विरळ, शेवटी शेवटी तर फारच विरळ, हात दमले असणार. कडेला फावडं टेकवलेलं. ट्रकची मागची बाजू दिसत होती आणि तबकडीच्या तोंडाशी गोठलेल्या खडीचा एवढा मोठा गोळा.

मी लगेच फोटोची माहिती उघडली. दिवस, वेळ, जागा. तोच दिवस. तीन वाजून सत्तावन्न मिनिटं. तेच वळण. नंतर कुणी फेरफार केलाय का तेही पाहिलं. नव्हता. म्हणजे त्या रविवारी तो माझ्या टेबलाशी बसला होता तेव्हा हा फोटो त्याच्या खिशात होता. पुरावा त्याच्याकडे होताच. तो माझ्याकडे दुसरंच काहीतरी मागायला आला होता, साडेतीन तास गाडी चालवून, आणि मी त्याला मिनिटं मोजून दाखवली.

शर्वरी चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघून थबकली. “हा अजून आहे होय? हाच त्यानं ऑफिसला दिला होता. यावरच तर सुटला तो. एकटा रस्त्यात उतरलास कशाला, म्हणून एक पत्र दिलं त्यांनी, बस्स.”

“मला दाखवला नाही कधी,” मी म्हटलं.

“तुमच्याकडून आला ना त्या दिवशी, धड जेवला नाही. मीच म्हटलं, अरे, तो फोटो पाठवून दे अभयभाऊजींना, विषय संपेल.” ती स्क्रीनजवळ आली. “तर म्हणाला, राहू दे गं. तो आधी फोटोची तारीख तपासेल.”

तारखेची चौकट स्क्रीनवर उघडीच होती. शर्वरीनं ती वाचली, कप माझ्यापुढे ठेवला आणि आत निघून गेली.