उशिरा सोडलेलं पाणी

संध्याकाळी ब्रह्माघाटावर सगळे गंगेकडे तोंड करून बसत. नीलकंठकाका तेवढे पायऱ्यांकडे. काशीचे घाट पूर्वेला उघडतात आणि सूर्य मागच्या घरांआड बुडतो. संध्या करताना पश्चिमेलाच बघायचं, म्हणून काका भिंती बघत अर्घ्य देत. एका फ्रेंच गावाहून आल्यापासून मात्र ते मध्येच थबकत आणि मागे वळून नदीकडे बघत. कुणीतरी हाक मारल्यासारखं.

काका आमचे शेजारी, पिढीजात भिक्षुक. मी वडिलांनी छापलेल्या निषेधाच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली. त्यामुळे आमचं रोज वाजायचं. "या नेताजी! आज कुणाविरुद्ध पर्चा?" असं विचारून ते मला शेजारी जागा करून देत. गेल्या वर्षी काका वारले.

मुलीच्या बाळंतपणासाठी ते त्या गावी सहा महिने राहिले. पहिल्या दिवशी घड्याळात साडेसहा वाजताच संध्या उरकून मोकळे झाले. खिडकीतून पाहतात तो ऊन डोक्यावर! "मी सूर्याला फसवलं गं," ते सांगत, "तो घरात असताना त्याला निरोप दिला!" तिथे उन्हाळ्यात सूर्य साडेनऊनंतर मावळतो. मग रोज तांब्या घेऊन ते नदीकाठच्या बाकावर वाट बघत बसू लागले. संध्येआधी जेवायचं नाही, त्यामुळे पोटात आग. पण त्या तीन तासांत ते गाव त्यांना आवडू लागलं. झाडांखाली म्हातारे लोखंडी गोळे फेकत खेळत. पाववाली दुकान बंद करून पायरीवर पाय चोळत बसे. नदी आधी पिवळी, मग तांबडी होई. "सूर्य पाण्यात बुडताना मी जन्मात पहिल्यांदा तिथे बघितला," ते म्हणत. "काशीत राहून! सांग, कुणाला पटेल?"

त्याच बाकावर मार्गो नावाची म्हातारी येई. भाषा जुळत नव्हती. ती "बाँस्वार" म्हणे, काका "नमस्कार" म्हणत, आणि दोघं तिच्या भाजीच्या शेंगा सोलत बसत. एका संध्याकाळी तिने पाकिटातून फोटो काढला. मग काकांच्या ओंजळीतल्या पाण्याकडे बोट केलं, फोटोकडे केलं, नदीकडे केलं. तिचा नवरा आंद्रे त्या नदीत बुडाला होता, देह मिळाला नव्हता. हे मुलीने नंतर सांगितलं, पण ती त्याच्या नावानं पाणी सोडायला सांगतेय, हे काकांना तेव्हाच समजलं होतं. त्यांनी मान हलवली. नाही. तिने फोटो परत ठेवला. काका निघेपर्यंत ती रोज येत राहिली, रोज "बाँस्वार" म्हणत राहिली.

"तिचं बाँस्वार आता इथेही ऐकू येतं," काका मला म्हणाले. "अर्घ्य देताना. मागून, पाण्याकडून."

मी भडकले. "काका, गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणा, असं तुम्हीच यजमानांना सांगता ना? मग तिच्यापाशी कुठे अडलं?"

"शास्त्रात नाही अडलं. ब्रह्माघाटावर कळलं तर लोक काय म्हणतील, याची भीती वाटली. इतक्या लांब बसून!" ते म्हणाले. "लिही. माझं नाव घालून पर्चा काढ."

मी लिहायला बसले. जुलूम, ढोंग, धिक्कार, सगळे शब्द हाताशी होते. काकांचं नाव लिहिताना पेन पुढे सरकेना.

पितृपक्षात ब्रह्माघाट माणसांनी फुललेला असतो. भर गर्दीत काका पाण्यात उतरले, दक्षिणेकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काश्यपगोत्र, आंद्रे." शेजारच्या गुरुजींचा हात थांबला. "हे कोणते यजमान, गुरू?"

"यजमान नाहीत," काका म्हणाले. "शेजारीण होती, तिचा नवरा."

दोन गुरुजी काठावर चढून लांब जाऊन बसले. काका भिजलेल्या धोतरानेच माझ्याकडे आले. "तुझ्या फोनवरून मुलीला कळव. म्हणावं, मार्गोला सांग, पाणी दिलं."

मुलीने घर बदललं होतं. निरोप द्यायला ती मुद्दाम जुन्या गल्लीत गेली. संध्याकाळी तिचं उत्तर आलं: मार्गो हिवाळ्यातच वारली.

मी ते वाचून दाखवलं. "म्हणजे तिला कळलंच नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाण्यात उतरले. आजूबाजूची जागा आपोआप रिकामी झाली. काकांनी आंद्रेचं नाव घेतलं. मग ओंजळ भरली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. दुसरं नाव उच्चारेपर्यंत निम्मं पाणी बोटांतून गळून गेलं होतं.