लाल कडं असलेली सातवी

१. आज सकाळी नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या पार्कात मी सातभाई पक्ष्यांचा थवा मोजला. सहा होते.
२. डाव्या पायात लाल कडं असलेली सातवी, म्हातारी मादी, वर्षभर दिसलेली नाही.
३. शुक्रवारी मी तिची नोंद 'मृत' अशी करणार, हे आईला फोनवर सांगितलं.

आई दिल्लीत, लक्ष्मीबाई नगर वसाहतीत राहते. म्हणाली, "दिसली नाही म्हणजे मेली? चार महिने तूही दिसली नाहीस. तुझं काय लिहू?"

"आई, संशोधनाची पद्धत असते ती."

"अच्छा! मग पार्कासमोरच्या नव्या टॉवरांत विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

गुणसूत्रांच्या टोकांवरची टेलोमिअर नावाची आवरणं वयाबरोबर झिजतात. सातवीच्या रक्ताच्या तपासणीत ती फारच आखूड निघाली होती, म्हणून ती लवकर जाईल असा माझा अंदाज होता. तरीही ती दोन हंगाम दुसऱ्यांची पिल्लं भरवत राहिली. ती जिवंत असताना मी 'मृत' लिहिलं, तर माझा अंदाज उगाच खरा ठरेल. आणि ती जिवंत असावी, असं मला फार वाटतं.

रविवारी आईकडे जाते आहे.

टॉवरमधल्यांनो, बाल्कनीत मातकट रंगाचे, कलकलाट करणारे पक्षी आले तर त्यांचा डावा पाय बघा. गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा. दिसली नाही, तरी कळवा.