वनिताबाईंचे नऊपैकी नऊ

वनिताबाई देवस्थळींनी उभ्या आयुष्यात परक्या हातच्या अन्नाला नाव ठेवलं नव्हतं. घरचा मामला वेगळा. त्यांचे यजमान दीनानाथ निवृत्त झाल्यावर हौसेने पोहे करायला शिकले, तर पहिल्याच घासाला "कांदा कच्चा, हळद जास्त, आणि हे भिजवलेत की बुडवलेत?" असा निकाल लागला. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की बाईंची जीभ लोण्यासारखी मऊ होई.

कॅनडातल्या ग्वेल्फच्या मराठी मंडळाचा पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण असलं, की टेबलावर एक तरी भांडं असं असायचं ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही. ज्याचं असेल तो बिचारा आसपास घुटमळत राहतो. वनिताबाई नेमकं ते भांडं हेरत, त्यातलं दोनदा वाढून घेत आणि करणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "छान झालंय हो." कुणाला भरलेलं भांडं घरी न्यावं लागू नये, एवढाच हेतू. गेली बावीस वर्षं ते भांडं बहुतेक अरविंदरावांचंच असे. हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त, मनाने अगदी सोनं. पण दरवर्षी अननस, मेयोनीज आणि मूठभर कोथिंबीर घालून गार मॅकरोनी आणायचे. तिच्याबद्दल मी अधिक लिहीत नाही, जेवणाची वेळ कुणाचीही असू शकते.

अशा बाईला अडुसष्टाव्या वर्षी पावाला मार्क द्यायचं काम मिळालं. देणाऱ्याने माणूस पारखून घेतलं म्हणायचं.

काम देणारी ऋचा अकोल्याहून शिकायला आलेली. कॉफीच्या दुकानात रात्रपाळ्या करून शिकली, कायम राहण्याचा परवाना, म्हणजे पीआर मिळवला आणि आता एका खाद्य प्रयोगशाळेत चव घेणाऱ्यांचं पॅनेल सांभाळत होती. तिने वनिताबाईंना मंडळातच गाठलं.

"काकू, प्रोजेक्ट मोठा आहे. युरोपचं सरकार आणि तिथल्या कंपन्या, दोघं मिळून रिसर्च करतात. सरकार फंडिंग देतं, कंपन्या आपली माणसं आणि मशीन्स आणतात, युनिव्हर्सिट्या डोकं लावतात. आता कॅनडासुद्धा जॉइन झालाय. बेसिकली पॉटलकच समजा. आपण आपल्याकडच्या पिवळ्या वाटाण्याच्या पिठाचा पाव घेऊन गेलोय."

पॉटलक म्हटल्यावर वनिताबाईंना सगळं कळलं. म्हणजे कळलं असं त्यांना वाटलं, आणि घोळ तिथेच झाला.

मंगळवार-गुरुवार सकाळी दहाला त्या सात नंबरच्या खुर्चीवर बसू लागल्या. तीन बाजूंनी आडोसा, समोर छोटी खिडकी, वर लाल दिवा, म्हणजे पावाचा रंग बघून मत बनू नये. खिडकीतून नंबर घातलेले तुकडे यायचे. चावायचं, एक ते नऊमध्ये मार्क द्यायचे, कारण लिहायचं, पाण्याने चूळ भरायची, पुढचा तुकडा. सव्वीस वर्षं त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांना लेबलं चिकटवली होती. तिथे त्यांचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. इथे युरोपातले लोक त्यांच्या मताची वाट बघत होते. सोमवारी रात्री त्या दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवायच्या, शाळेच्या पहिल्या दिवसाला ठेवावेत तसे. फार आनंदात होत्या बाई.

आणि प्रत्येक तुकड्याला नऊपैकी नऊ देत होत्या. देणार नाहीत तर काय? पाव भाजणारा ल्यूक, गावातल्या छोट्या बेकरीचा मालक, पिठाने माखलेल्या बुटांनी कॉरिडॉरमध्ये उभा असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणायचा. पहाटे तीनला उठलेला माणूस तो. त्याच्या पावाला चार कुठल्या तोंडाने द्यायचे?

नोव्हेंबरात ऋचाने त्यांना बाजूला घेतलं.

"काकू, गेल्या आठवड्यात मी एक तुकडा मुद्दाम बिघडवून ठेवला होता. शिळा, डबल मीठ. पॅनेल अलर्ट आहे का ते चेक करायला. तुम्ही त्याला नऊ दिले."

"अगं, खारट होता खरा."

"मग?"

"कुणीतरी केला होता ना तो."

ऋचाने कपाळाला हात लावला. गुरुवारी युरोपातले भागीदार येणार होते. पॅनेलचे मार्क बघून पाव तिकडच्या मोठ्या कारखान्यात पाठवायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. "काकू, गुरुवारी खरं लिहिलं नाहीत तर सात नंबर मला दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. आय ॲम सॉरी."

वनिताबाई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. खुर्ची जायची भीती होतीच, पण खरी अडचण वेगळी होती. वाटाण्याच्या त्या पावात खोट होती आणि त्यांना ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. बाकीचे लगेच चूळ भरत. यांना अन्न तोंडात घेऊन थुंकणं जमायचं नाही आणि वर पाणी प्यायचीही घाई नसायची. त्या गिळत, आणि गिळल्यावर मिनिटभराने घशात कडू उतरायचं.

"मग लिही की तसं," दीनानाथ म्हणाले.

"आणि ल्यूकचा पाव नापास झाला तर?"

दीनानाथांनी चष्मा काढला. "अरविंद बावीस वर्षं ती मॅकरोनी का आणतोय, माहितीये? तू छान म्हणतेस म्हणून. सगळं मंडळ तुझ्या चांगुलपणाची शिक्षा भोगतंय."

हे वर्मी लागलं. त्या रात्री दीनानाथांची आमटी पहिल्यांदाच टीकेवाचून संपली.

गुरुवारी लाल दिव्याखाली तीनशे बारा नंबरचा तुकडा आला. वनिताबाईंनी खाल्ला, थांबल्या. कडू उतरलं. त्यांनी तीन लिहिले. खाली कारण: गिळल्यावर एक मिनिट थांबा, घशात कडवट लागतं. आयुष्यातले पहिले तीन. लिहून झाल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेदरलँड्सहून आलेल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि सगळ्या बारा जणांना पुन्हा खायला लावलं, पण चूळ न भरता, मिनिटभर थांबून. अकरा जणांनी तोंड वाकडं केलं. बारावे गृहस्थ सर्दीने बेजार होते. पाव त्या दिवशी कारखान्यात गेला नाही.

कॉरिडॉरमध्ये ल्यूक उभा होता, चेहरा लालबुंद. वनिताबाईंना वाटलं, जिना उतरून पळून जावं. तो सरळ त्यांच्यापुढे आला.

"व्हेअर?" त्याने विचारलं. "व्हेअर एक्झॅक्टली?"

त्यांनी घशावर बोट ठेवून दाखवलं. त्याने स्वतःच्या घशावर तिथेच बोट ठेवलं, मान हलवली आणि निघून गेला. तो रागावला की नाही, हे बाईंना सहा आठवडे कळलं नाही. ते सहा आठवडे त्यांना फार जड गेले.

जानेवारीत नवा पाव आला. पीठ आधी वाफवून घेतलं होतं. वनिताबाई मिनिटभर थांबल्या, मग खात्रीसाठी आणखी एक मिनिट. घसा स्वच्छ. त्यांनी आठ दिले. पाव पास झाला, युरोपला निघाला. ल्यूक एक आख्खा पाव कागदात बांधून त्यांच्यासाठी घेऊन आला.

"व्हाय नॉट नाइन?" त्याने विचारलं.

"क्रस्ट जरा जाड आहे," वनिताबाई मराठीतच म्हणाल्या. त्याला क्रस्ट तेवढं कळलं आणि तो मोठ्याने हसला. बाईंना इतकं हलकं वाटलं, की त्या बस सोडून बर्फातून चालत घरी आल्या.

त्याच रविवारी मंडळाचा संक्रांतीचा पॉटलक होता. जो तो तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलायला सांगत होता. टेबलाच्या टोकाला अननसाची मॅकरोनी, शेजारी अरविंदराव. वनिताबाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अरविंदभाऊजी, राग मानू नका. ही मला आवडत नाही. कधीच आवडली नव्हती."

अरविंदरावांनी हातातला डाव खाली ठेवला. "खरं सांगताय, वहिनी?"

"अगदी खरं. तीन मार्क."

"देवा," अरविंदराव म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. "मला अननस सहन होत नाही हो. घरी चव घेताना डोळे मिटून घेतो. बावीस वर्षं फक्त तुमच्यासाठी करतोय. तुम्ही एकट्याच दोनदा घ्यायचात ना."