नातजावयाला वाघ दिसला पाहिजे

माझ्या होडीवर वाघ आहे. घिवली गावाला त्या जागी मांजर दिसतं, हा गावाच्या डोळ्यांचा दोष आहे.

सुरुवात झाली मोबाइलपायी. माझी नात मयुरी बोईसरला नोकरीला जाते. एका रविवारी तिनं मला मोबाइलमध्ये एक चित्र दाखवलं. मोठं झाड आणि त्याच्या फांद्यांत दडवलेली जनावरं.

"आजा, पयलं काय दिसलं ते पटकन सांग. त्यावरून मानसाचा सभाव कळतो."

"वाघ!" मी म्हटलं.

मयुरीनं वाचून दाखवलं. वाघ आधी दिसणारा माणूस शूर असतो, कोणापुढे झुकत नाही, जन्मजात पुढारी असतो. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो (शाळेचं नशीब!), पण खरी विद्या कुठली ते मला बरोबर कळतं. मोबाइलबद्दलचं माझं मत त्याच दिवशी बदललं.

माझ्या बायकोला त्याच चित्रात कासव दिसलं. कासववाली माणसं फार सोशिक असतात म्हणे.

"हे बघायला मोबाइल कशाला पायजे?" ती म्हणाली. "तुमच्यासंगती संसार केला, तवाच कळलं."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. ज्याच्या आत वाघ आहे त्याच्या होडीवरही वाघ पाहिजे, एवढं मी ठरवून टाकलं. बोईसरला ट्रक रंगवणारा एक भय्या होता, त्याला आणला. त्यानं एका बाजूला नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, वाघ काढला. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, बसलेला.

माझा मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा, ही मांजर हाय."

"चाचा, शेर ही है," भय्या म्हणाला. "बैठा है ना, इसलिए छोटा लगता है."

पटण्यासारखं होतं. मला पटलं! पण मुलानं दुसरी बाजू रंगवू दिली नाही. म्हणाला, "मासळीच्या होडीवर एक मांजर बस झाली."

झालं! गाव चिडवत सुटलं. बोंबील वाळत घालणाऱ्या बाया माझी होडी दिसली की "शुक, शुक!" करायच्या. एकानं तर नाळेसमोर दुधाची वाटी आणून ठेवली. मीही हटलो नाही. चावडीवर सगळ्यांना सुनावलं, "जो जसा, त्याला तसं दिसतं! वाघाला वाघ दिसतो. तुमी सगळे चोरून मासळी खाणारे!" (त्यानंतर आठ दिवस मला कोणी चहा विचारला नाही.)

आणि अशात मयुरीचं स्थळ आलं. आलं म्हणजे तिनंच आणलं. पोराचं नाव अनिकेत, तिच्याच कारखान्यात कामाला. मंडळी मूळची सांगलीकडची. पोरगा चांगला होता, घरात सगळ्यांना पसंत होता. फक्त मला कोणी विचारलं नव्हतं.

जेवताना मी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं, "पोराला होडीसमोर उभा करणार. वाघ दिसला तर लगीन. मांजर दिसली तर नाय!"

मयुरीचा घास हातातच राहिला. "आजा, तू मस्करी करतंस ना?"

"मी मस्करी करत नाय."

"तुझ्या मांजरापायी माझं लगीन मोडायचं?"

"मांजर नाय! वाघ!"

ती उठून गेली, आणि पाहुणे येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वाईट वाटलं. पण वाघाला वाईट वाटून चालत नाही.

पाहुणे सकाळी येणार होते. त्यांची रिक्षा वाटेत बंद पडली, ते आले दुपारी. चहा झाला, फोडणीचे पोहे झाले, पोराच्या बापानं सुक्या जवळ्याची चटणी मागून घेतली. मग मी उठलो. "चला, होडी दाखवतो."

सगळी वरात धक्क्यावर. होडी खाडीत नांगरून ठेवली होती. चष्मा मी मुद्दाम खिशात ठेवला. वाघाची ओळख करून देणारा माणूस चष्म्यात शोभत नाही!

"बघ," मी हात लांब करून पोराला म्हटलं. "काय दिसतं?"

त्यानं कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. मयुरीनं डोळे मिटून घेतले होते.

"वाघ, आजोबा!"

"नीट बघून सांग."

"वाघच की! बसलाय, पण उठला तर कुणाची खैर नाही!"

"पट्टे दिसतात?"

"काळेकुट्ट!"

"मिश्या?"

"अगदी तुमच्यासारख्या!"

"शाब्बास!" मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो धक्क्यावरून पडता पडता राहिला. मग मागे वळून घरच्यांना म्हटलं, "बघा! याला म्हणतात नजर! मला इथून त्याचं शेपूटसुद्धा दिसतंय!"

बायकोनं तोंडात पदर कोंबला होता. माझा मुलगा खाली बघत होता.

तेवढ्यात पोराचा बाप पुढे आला. भला माणूस. डोळे बारीक करून म्हणाला, "पाव्हणं, कुठाय वो वाघ? मला तर नुसती निळी फळी दिसतीया."

मी खिशातून चष्मा काढून लावला.

निळी फळी! कोरीच्या कोरी! पाहुण्यांना उशीर झाला, तोवर भरती सरून ओहोटी लागली होती. पाण्याबरोबर होडीनं तोंड फिरवलं होतं आणि माझा वाघ पलीकडच्या बाजूला बसला होता. माझा जन्म या पाण्यात गेला. ओहोटी लागली की नांगरलेली होडी फिरते, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं!

तरी मी मागे हटलो नाही. "पोरगा खोटं बोलला!" मी ओरडलो. "लगीन नाय!"

"तो खोटं बोलला," बायको म्हणाली, "आनि शेपूट कोनाला दिसलं?"

इतक्या दिवसांनी मयुरी माझ्याशी बोलली. "आजा, आमी सगळ्यांनी त्याला फोन करून सांगितलं होतं, काय बी दिसू दे, तू वाघ म्हन. माझ्यासाठी बोलला तो. तुला कोनी फोन केलता?"

मी होडीकडे बघितलं. पोराकडे बघितलं. तो घामानं भिजला होता, पण मयुरीच्या शेजारून हलला नव्हता. मी त्याच्या बापाला म्हटलं, "तारीख काढा."

लग्न धुमधडाक्यात झालं. पण एक गोष्ट मी आजही सगळ्यांना ठासून सांगतो. त्या पोराला अख्ख्या घरानं शिकवणी दिली होती, तेव्हा कुठे त्याला वाघ दिसला. मी चौथी शिकलेला माणूस, बिनशिकवणीचा पास झालो!