तख्ताची जागा

"स्टुलावर चढून बसायला त्या बायका काय पोपट आहेत?" वीणाताईंनी वरणाची पळी पातेल्यात आपटली.

"आई, आजकल हर जगह यही चलता है," हर्षवर्धन म्हणाला. मराठी त्याला सगळी समजायची, पण भांडायचा हिंदीत.

"मग हर जगह जाऊन बस. दुकानातलं माझं लाकडी तख्त कुठाय?"

"गच्चीवर," मधुसूदनराव म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झालेले वीणाताईंचे हे इंजिनिअर यजमान घरच्या भांडणात फक्त माहिती पुरवत. "पाय सुटे केलेत. बोल्ट माझ्याकडे आहेत."

सून अश्लेषा खाली मान घालून पोळीचे तुकडे करत होती. दुकानं सजवून देणं हा तिचा व्यवसाय. सासूच्या जुन्या दुकानाचं नवं रूप तिनं हौसेनं, अंगात ताप असतानाही भिंती रंगवून पुरं केलं होतं.

वीणाताई लग्न होऊन साताऱ्याहून लखनौला आल्या तेव्हा त्यांना हिंदी बोलताना घाम फुटायचा. मुलगा शाळेत जायला लागल्यावर त्यांनी निशातगंजच्या गल्लीत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलं की म्हणायच्या, "क्या चाहिए?" शेजारच्या शकीलाबींनी तेव्हा टोकलं होतं, "ऐ बहन, लखनऊ में पहले बिठाते हैं, फिर पूछते हैं." दुसऱ्याच दिवशी शकीलाबींनी घरातलं जुनं तख्त आणून दुकानात ठेवलं.

त्या तख्तावर वीणाताई हिंदी शिकल्या. बख्शी का तालाब गावाहून चिकनकारीचं भरतकाम घेऊन येणाऱ्या बायका कोपऱ्यावरच्या, काम देणाऱ्या ठेकेदाराचं शटर उघडेपर्यंत तिथंच टेकायच्या. सुई चालू, तोंडही चालू. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आले की वीणाताई तिच्यासाठी डिंकाचे लाडू बांधायच्या. वीणाताईंना टायफॉइड झाला तेव्हा याच बायकांनी आळीपाळीनं दुकान उघडलं होतं.

"वो लोग कुछ ख़रीदते भी हैं?" हर्षवर्धननं विचारलं.

"तू माझ्याकडून काय विकत घेतोस? तुला वाढतेच ना?"

मधुसूदनरावांना ठसका लागला.

"आई, तो स्टुलांचा कोपरा मी त्यांच्यासाठीच ठेवला होता," अश्लेषा म्हणाली. "नावसुद्धा 'आपला कोपरा' दिलं. त्यांचा एवढा मोठा फोटो भिंतीवर लावला. दुकानात शिरताच कळावं, हे कुणाचं आहे ते."

वीणाताईंचा आवाज खाली आला. "फोटो सुंदर आहे गं. तू मनापासून केलंस, हे मला दिसत नाही का? पण आज उद्घाटनाला तू पेढे वाटत होतीस तेव्हा त्या आल्या होत्या. शकीलाबींचे गुडघे तुला ठाऊक आहेत. स्टुलाला हात लावून पाहिला आणि बाहेर जाऊन फुटपाथवर बसल्या. बाकीच्या त्यांच्यामागोमाग. मी बाहेर गेले, तर काचेतून आपलाच फोटो बघत होत्या. मला म्हणाल्या, 'बड़े अच्छे लग रहे हैं हम, अंदर.'"

अश्लेषानं ताट बाजूला सारलं.

"लेकिन आई, जगह कहाँ है?" हर्षवर्धननं हळूच विचारलं. "उधर कॉफ़ी मशीन है."

"तख्त सहा बाय तीन आहे," मधुसूदनराव म्हणाले. "स्टुलं आणि मशीन दोन्ही हलली तर बसेल. एक हललं तर नाही."

वीणाताईंनी सगळ्यांना वरण वाढलं, पळी पातेल्यात ठेवली आणि हात पुसले.

"उद्या दुकान उघडायच्या आधी स्टुलं आणि मशीन बाहेर निघतील आणि तख्त खाली येईल. अश्लेषा, चादर कुठली घालायची ते तू ठरव. हर्ष, ऑफिसला जायच्या आधी तू आणि बाबांनी ते उचलायचं. अहो, बोल्ट आत्ताच काढून ठेवा."