वेणी घालायला शिकणारा बाप

घटस्फोटानंतर सून नातीला घेऊन इथे परदेशातच, कॅसल हिल उपनगरात राहायला गेली. माझ्या मुलाला पोर दर पंधरा दिवसांनी भेटायची, तीही कोर्टाने ठरवून दिलेल्या केंद्रातल्या खोलीत, देखरेखीच्या बाईसमोर. पोर प्रत्येक भेटीत रडायची. असंच चालू राहिलं तर भेटी बंद कराव्या लागतील, असं त्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं.

रडण्याचं कारण साधं. खेळताना वेणी सुटायची आणि बापाला ती घालता यायची नाही. "यू डोन्ट नो हाऊ," म्हणायची आणि मम्मीकडे जायचं म्हणून भोकाड पसरायची. आमच्या घरात पुरुषाने पोरीच्या केसांना कधी हात लावलाय? मी घालते म्हटलं, तर आजीला आत सोडत नव्हते.

गिरावीन उपनगरात आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये शनिवारी बापांचा वर्ग भरायचा. आफ्रिकेतून आलेल्या, तुटपुंज्या पगाराच्या काळ्या बापांसाठी. कोणी गोदामात कामाला, कोणी सफाईला. तिथे केस विंचरायलाही शिकवायचे. माझा मुलगा कुरिअरची गाडी चालवतो. मी आलो तर चालेल का, म्हणून त्याने दारातूनच विचारलं. वर्ग घेणाऱ्या उंच सुदानी माणसाने त्याच्या हाताशेजारी स्वतःचा हात धरून पाहिला.

"थोडा उन्हात उभा राहा ब्रदर, मग चालेल."

सगळे हसले. मुलगाही हसला. कितीतरी दिवसांनी.

तिथे तो लोकरीचे केस लावलेल्या बाहुलीच्या डोक्यावर शिकायचा, घरी माझ्या. माझे केस ते किती. त्यांच्या पद्धतीच्या वेण्या टाळूला घट्ट चिकटून असतात, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

"दुखतंय का आई?"

"दुखतंय. नीट घाल."

आपली साधी तीन पेडांची वेणी मीच त्याला शिकवली. ती जमली तेव्हा त्याने लाल रिबिनी आणल्या, इस्त्री करून खिशात ठेवल्या.

भेटीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. गाडीतून पोर उतरली. केस कानापर्यंत कापलेले. शाळेत उवा झाल्या होत्या, असं नंतर कळलं. मुलगा आत वाट बघत होता. त्याला सांगायला मला जाता येत नव्हतं.

थोड्याच वेळात पोरीचं रडणं बाहेर ऐकू आलं. भेट वेळेआधीच संपवली.

ट्रेनमध्ये तो म्हणाला, "मी रिबिनी काढल्या, तर तिला वाटलं मी चिडवतोय."

रिबिनींची घडी घालून त्याने त्या परत खिशात ठेवल्या.

"आई, वेणीपुरते केस वाढायला किती दिवस लागतात?"

"वर्ष तरी."

"तोवर भेटी राहतील?"

"नाही राहणार," मी म्हटलं. खोटं बोलून काय मिळालं असतं?

त्या शनिवारी तो वर्गाला गेला नाही. संध्याकाळी माझ्या मागे येऊन बसला आणि न विचारता माझे केस सोडले.

मी मान खाली घातली.