कृष्णाजीअण्णा आणि पुसलेली डिस्क

कृष्णाजीअण्णा गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, मला फोनवर सांगितलं. ‘‘इडली खाल्ली, चांगली झालीय म्हटले, आणि गेले बघ...’’ त्याला आता महिना झाला. अण्णांचं घराणं बंगळूरमध्ये कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी असे, आणि माझी पुणेरी मराठी ऐकली की ते ‘‘पुस्तक वाचतेयस काय?’’ म्हणून मलाच चिडवत.

सहा वर्षांपूर्वी बंगळूरच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या एका लहानशा कारखान्यात मी कॉम्प्युटरवर यंत्रभागांची ड्रॉइंग करायला लागले, तेव्हा अण्णा तिथं मेंटेनन्स बघत. मोटर, पंखा, कॉम्प्युटर, जे बंद पडेल ते अण्णांचं. माझी नोकरी अजून कच्ची होती. त्यात खंडेनवमीची आयुधपूजा आली. त्या दिवशी प्रत्येक जण आपलं मशीन घासूनपुसून लख्ख करतो, मग हळदकुंकू, हार, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. सगळे लेथ घासत असताना मी कॉम्प्युटरचा नुसता पडदा पुसून गप्प कशी बसणार? सर्व्हरमधल्या दोन डिस्कांपैकी एकीत जुनी अडगळ होती. म्हटलं, आतूनही सफाई करू. फॉरमॅटचा हुकूम दिला... आणि अडगळ जागच्या जागी राहिली. पुसली गेली ती दुसरी, कारखान्याची सगळी ड्रॉइंग असलेली.

मालकांना वाटलं, डिस्क आपोआपच रिकामी झाली. फ्लॉपींवर वर्षापूर्वीच्या प्रती आहेत, त्या लगेच याच डिस्कवर चढवा, असा त्यांनी धोशा लावला. मी तोंडातून ब्र काढला नाही. आता नोकरी जाणार, एवढंच डोक्यात होतं. अण्णांनी माझा चेहरा पाहिला, सर्व्हरला कुंकू लावलं, हार घातला आणि म्हणाले, ‘‘पूजा झाली सार. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.’’ देवभोळे मालक निमूट परतले.

मग अण्णा हळूच मला म्हणाले, ‘‘घाबरू नको गं. पुसलं म्हणून लगेच जात नाही. नावांची यादी तेवढी गेली, आतलं आत आहे. वर नवीन लिहिलं की मग गेलं. म्हणून मालकाला स्वल्प अडवलं. पण कुणी पुसलं ते तूच सांगायचं. मी नाही सांगणार.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीतून एक रिकामी डिस्क आणि पुसलेलं वाचणारा प्रोग्रॅम आणला. दुपारपर्यंत ड्रॉइंग परत येऊ लागली, पण नावांशिवाय, नुसत्या आकड्यांनी. मी नवखी, मला एकही ओळखेना. अण्णांनी लेथवरची माणसं आत बोलावली. ‘‘अरे, हे तर पंपाचं झाकण!’’ ‘‘हे माझं! ह्याच्याच कडेनं बोट कापलंय.’’ जत्रेला यावं तशी माणसं पडद्यापुढे गोळा झाली, आणि मी भराभर नावं घालत सुटले. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी धीर करून मालकांना सगळं सांगितलं. मागून अण्णा म्हणाले, ‘‘काढायचं तर काढा सार. पण कुठलं ड्रॉइंग कुठल्या नावानं आहे, ते आता हिलाच ठाऊक.’’ मालकांना हसू आलं, आणि माझी नोकरी राहिली. मी अण्णांचे आभारसुद्धा नीट मानले नाहीत, याचं आज फार वाईट वाटतं.

परवा अक्कांकडे गेले होते. अण्णांनी सुट्या भागांतून जुळवलेला कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत तसाच आहे. ‘‘नातवाला हवाय. ह्यांचं सगळं पुसून दे, तुला येतंय की,’’ अक्का म्हणाल्या. मी तो सुरू केला. अक्कांच्या औषधांच्या वेळा, शेजारणीच्या मिक्सरच्या वायरिंगचं चित्र, कुणाला तरी लिहायला घेतलेलं अर्धंच पत्र... मी काही न पुसता कॉम्प्युटर बंद केला. म्हटलं, ‘‘अक्का, नातवाला मी दुसरी डिस्क बसवून देते. ही राहू दे.’’

‘‘सरी, राहू दे,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘तू पुसलंस तर ओळखायला पीण्याची सगळी माणसं घरी यायची. एवढ्या जणांना कॉफी कोण करणार?’’

डिस्क आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. वर कागद चिकटवून मी नाव घातलंय... ‘अण्णा’.